हार्टिगनच्या पन्नास पुंगळ्या

१

बोल्ट बंद होईना.

मैथिली परांजपेनं काडतुसाची पितळेची रिकामी पुंगळी रायफलमधून बाहेर काढली, फडक्यानं पुसली, पुन्हा नळीच्या बुडाशी, चेंबरमध्ये सरकवली आणि बोल्टचा दांडा खाली दाबला. तो अर्ध्यावर येऊन अडला. दुसरी पुंगळी, तीच गत. पाचवी, दहावी, विसावी. कालगुर्लीच्या रायफल क्लबच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती एकटीच होती. शुक्रवारचे सकाळचे साडेआठ वाजले होते आणि उद्या दहाला एस्परन्सच्या संघाशी वार्षिक सामना होता. गेली सहा वर्षं ढाल त्यांनीच नेली होती.

पन्नासाव्या पुंगळीनंतर ती खाली बसली.

"ह्या माझ्या नाहीत," ती मोठ्यानं म्हणाली. "डबा माझा आहे. पुंगळ्या माझ्या नाहीत."

पण तसं असणं शक्यच नव्हतं. त्यासाठी ही रायफल काय चीज होती ते सांगायला हवं. चाळीस वर्षांपूर्वी क्लाइव्ह हार्टिगन नावाच्या बंदूक-कारागिरानं स्वतःच्या डोक्यानं एक काडतूस आखलं. क्लबात त्याला 'हार्टिगन' म्हणत. ते दुकानात मिळत नाही, घरी घडवावं लागतं. बाजारातली साधी, निमुळती पुंगळी घ्यायची, भरायची आणि ह्याच रायफलमधून एकदा झाडायची. आतल्या दाबानं मऊ पितळ फुगतं, चेंबरच्या भिंतींना जाऊन भिडतं आणि त्याच आकाराचं होऊन बाहेर येतं. अंग सरळ, मानेखालचा खांदा धारदार. ह्याला फायर-फॉर्मिंग म्हणतात. मग ती घडलेली पुंगळी सामन्यासाठी नव्यानं भरायची. मैथिली सोन्याच्या खाणीत भूगर्भतज्ज्ञ होती. सबंध हिवाळा, सुट्टीच्या प्रत्येक दिवशी, तिनं अशा पन्नास पुंगळ्या घडवल्या होत्या.

आणि समोरच्या पन्नासही हार्टिगनच्याच होत्या. तेच सरळ अंग, तोच खांदा. फक्त केसभर लांब.

ते चेंबर कोरायचं हत्यार, रीमर, जगात एकच होतं. क्लाइव्हनं ते फार पूर्वी एका जुन्या खाणीच्या विहिरीत टाकून दिलं होतं, असं तो स्वतःच सांगायचा. म्हणजे ह्या मापाची रायफलही जगात एकच, आणि ती मैथिलीच्या मांडीवर होती.

मग ह्या पन्नास पुंगळ्या कुठून निघाल्या?

तिनं फोन उचलला.

२

डॉ. सुचित्रा नाडगौडा गावातल्या दाताच्या डॉक्टर आणि क्लबच्या सेक्रेटरी. वय पंचावन्न, मूळच्या सांगलीच्या, आणि समोरच्यानं तोंड उघडलं की खोटं कुठल्या दाढेखाली लपलंय ते आपल्याला कळतं, अशी त्यांची ख्याती होती. पहिल्या दोन अपॉइंटमेंट पुढे ढकलून त्या पंधरा मिनिटांत शेडवर हजर झाल्या.

"रडलीस का?"

"नाही. थोडी."

"बरं. आता नीट सांग. डबा शेवटचा कधी पाहिलास?"

"बुधवारी. राजीवदादाला पॉलिशला दिला. तो काल दुपारी तीनला इथं कपाटात ठेवून गेला. माझ्याखेरीज किल्ल्या चारच जणांकडे. तुम्ही, राजीवदादा, निनाद आणि क्लाइव्ह." मैथिली थोडी घुटमळली. "सुचित्राताई, ह्या केसभरच लांब आहेत. दाबून बसवल्या तर? दाबायचा साचा, डाय, आहे आपल्याकडे."

"आणि नियम?"

मैथिलीची नजर भिंतीकडे गेली. नियम तिथं लावलेला होता, सुचित्राताईंच्याच अक्षरात: *ज्या पुंगळीचा इतिहास माहीत नाही, ती भरायची नाही.* कोणी किती वेळा झाडली, आतून पातळ झाली आहे का, हे ठाऊक नसताना भरलेलं काडतूस गालापासून चार बोटांवर फुटू शकतं.

"म्हणजे मी उद्या बाहेर."

"म्हणजे आज संध्याकाळपर्यंत ह्यांचा इतिहास शोधायचा." सुचित्राताईंनी एक पुंगळी उजेडात धरली. "कवळीसारखं आहे हे. एकाची दुसऱ्याच्या तोंडात बसत नाही, पण बनवली कोणाच्या मापानं ते ती कवळीच सांगते."

खिशातून त्यांनी मापाचं कॅलिपर काढलं आणि पन्नासही पुंगळ्या एकेक करून मोजल्या. अर्धा तास गेला.

"सगळ्या सारख्याच लांब," त्या म्हणाल्या. "तंतोतंत. सगळ्या एकाच चेंबरमधून आल्यात. कुणीतरी एका रायफलनं, चिकाटीनं, पन्नास बार काढलेत."

"पण तशी दुसरी रायफलच नाही!"

"आहे," सुचित्राताई म्हणाल्या. "ती पन्नास वेळा सांगतेय की ती आहे."

३

राजीव त्याच्या फार्मसीच्या काउंटरमागे पांढऱ्या कोटात उभा होता. क्लबचा खजिनदार, छोट्या बोअरच्या रायफलीपलीकडे कधी न गेलेला. पण पुंगळ्या चकचकीत करायचं मशीन फक्त त्याच्याकडे होतं.

"मी अदलाबदल करीन? मैथिलीच्या पुंगळ्यांची?" तो इतका दुखावला की हातातली गोळ्यांची बाटली त्यानं तीनदा मोजली.

"तसं म्हटलं नाही मी. हिचा वास घेऊन बघ." सुचित्राताईंनी डब्यातली एक पुंगळी पुढे केली.

राजीवनं पुंगळी नाकाशी नेली, मग उलटी करून तळहातावर ठोकली. "ही माझ्या मशीनमधली नाही. मी अक्रोडाच्या टरफलाचा चुरा वापरतो. किती झटकलं तरी आत थोडा राहतोच. ही हातानं घासलीय, लिंबाचा वास येतोय."

"म्हणजे बदल तुझ्या पॉलिशनंतर झाला. काल तीननंतर. बरं, तू पॉलिश केलेल्या तिच्या पुंगळ्यांत काही वेगळं दिसलं होतं?"

राजीव घुटमळला. "चार-पाचांच्या बुडाशी एक चकचकीत गोल रेघ होती. मला वाटलं मशीननं ओरखडे आले. घाबरलो. कपाटाशी क्लाइव्ह भेटला, त्याला सांगितलं. तो म्हणाला, काही नाही रे, विसर." मग तो हळूच म्हणाला, "पण तो हल्ली विचित्रच वागतो. ऑगस्टमध्ये पंधरा दिवस पर्थला बहिणीकडे जाऊन आला, तेव्हापासून सकाळचा फोनच उचलत नाही."

सुचित्राताईंनी मान डोलावली आणि निनादला फोन लावला. निनाद खाणीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनिअर, क्लबचा रेंज कॅप्टन आणि उद्याच्या संघातला राखीव खेळाडू. मैथिली बाहेर पडली की तोच आत येणार होता.

"निनाद, काल तीननंतर कुठं होतास?"

पलीकडे वर्कशॉपचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"हे सांगायलाच हवं का?" तो हळू आवाजात म्हणाला. "मी कामावरून लवकर निघालो होतो. कुणाला सांगू नका, प्लीज."

मैथिलीनं सुचित्राताईंकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता.

४

दोघी शेडवर परतल्या, आणि दहा मिनिटांत निनाद स्वतःच धावत आला. हातात मोठी पिशवी होती, आणि पिशवीतून हिरवा चुडा आणि नकली फुलांची एक वाडी डोकावत होती.

"काल हे आणायला गेलो होतो," तो धापा टाकत म्हणाला. "उद्या चारुताचं डोहाळजेवण आहे. सरप्राइज! तिची आई पुण्याहून आलीय, विमानतळावरून गुपचूप चारुताच्या मैत्रिणीकडे, तेजश्रीकडे उतरवलीय. अकराला कार्यक्रम. मैथिली, तू उद्या खेळली नाहीस तर मला खेळावं लागेल, आणि मी तिथं नेम धरून बसलो तर चारुता घरी माझ्यावर नेम धरेल! मी तुझ्या पुंगळ्या चोरीन? मी तर त्यांना रोज उदबत्ती ओवाळायला तयार आहे!"

मैथिलीला सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं.

शेडपाशी तेवढ्यात क्लाइव्हची यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, येऊन थांबली. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, उंच, वाळलेल्या फांदीसारखा. दोन वर्षांपूर्वी उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, मग डोळे धुरकटले, आणि गेल्या वर्षी सगळ्यांसमोर त्यानं आपली रायफल मैथिलीच्या हातात ठेवली. गळ्यात दोरीनं लटकवलेलं भिंग तेव्हापासून कायमचं. झाडावर घरटं केलेला मॅगपाय पक्षी सप्टेंबरात सगळ्यांच्याच डोक्यावर झडप घालायचा. आजही घातली. क्लाइव्हनं टोपीनं फटकारा मारला आणि कळवळून खांदा धरला.

डावा खांदा.

"काय गोंधळ आहे, मेट?" आत येत त्यानं विचारलं.

"डब्यातल्या पुंगळ्या रायफलमध्ये बसत नाहीत," मैथिली म्हणाली.

"बसत नाहीत?" त्याचा चेहरा पडला. "पण बसायला हव्या होत्या."

त्यानं डब्यातली एक उचलली, हातभर अंतरावर धरून बूड पाहिलं. बुडावर तांदळाच्या दाण्याएवढा आकडा कोरलेला होता. "एकवीस सालचं पितळ. तुझीच आहे ही. बोल्टला तेल लावून बघ." मग घाईघाईनं म्हणाला, "पण मला कशाला विचारता? माझे डोळे गेलेले."

आणि आला तसा तो निघून गेला. चहासुद्धा न घेता.

"बिचारा," निनाद म्हणाला. "आपल्यापेक्षा त्यालाच जास्त लागलं."

सुचित्राताई दारातून त्याच्या यूटची लाल धूळ खाली बसेपर्यंत पाहत राहिल्या. मग एकदम वळल्या. "मैथिली, तुझ्या गाडीच्या किल्लीला काय लटकवलंयस?"

"ही? पहिली पुंगळी. गेल्या वर्षी क्लाइव्हच्या देखत घडवली ती."

"आण इकडे. आणि चल माझ्या क्लिनिकमध्ये."

५

दातांची बारीक भेग पाहायचा दुर्बिणीचा चष्मा सुचित्राताईंनी डोळ्यांवर चढवला. डाव्या हातात किल्लीची पुंगळी, उजव्या हातात डब्यातली. दोन मिनिटं त्या दोन्ही पुंगळ्या बोटांत फिरवत राहिल्या.

"खांद्याच्या कडेला एक बारीक ओरखडा आहे. दिसतोय? आता ह्या दुसरीवर बघ."

मैथिलीनं पाहिलं. "तिथंच आहे. तसाच."

"रीमरच्या धारेला एक खाच असेल. ती चेंबरवर उमटली, चेंबरवरून पितळेवर. दोन वेगळ्या रायफली, पण दोन्हींची चेंबरं एकाच हत्यारानं कोरलेली."

"म्हणजे रीमर विहिरीत पडलेलाच नाही!"

"नाही. आता रेंजवर चल. गेल्या काही आठवड्यांत कुणीतरी तिथं पन्नास बार काढलेत, आणि पितळ उडून कुठंतरी पडलंच असणार."

रेंजवर पाच जागा होत्या. सुचित्राताई एकेक जागा वाकून पाहत गेल्या. पहिल्या चार जागांच्या उजव्या बाजूची फरशी वर्षानुवर्षांच्या उडत्या पुंगळ्यांनी टवके उडालेली होती. तसं असणारच, क्लबातल्या सगळ्या रायफली पुंगळी उजवीकडे फेकतात. पाचवी जागा डावीकडच्या टोकाला होती, पत्र्याच्या भिंतीला लागून. तिथं त्या थांबल्या आणि भिंतीवर बोट फिरवलं.

पत्र्यावर चिमुकले पोचे होते. ताजे, चकाकणारे, डझनावारी.

डाव्या बाजूला.

"डाव्या हाताची रायफल," मैथिली पुटपुटली. "पण आपल्यात डावखुरं कुणीच नाही!"

"जन्मानं कुणी नाही," सुचित्राताई म्हणाल्या. "पण ज्याचा उजवा खांदा आता धक्का सोसत नाही, आणि तरी ज्याला नेम धरायचाच आहे, तो माणूस काय करेल?"

मैथिलीनं मान जोरजोरात हलवली.

"नाही. क्लाइव्ह नाही. त्याला दिसत नाही, सुचित्राताई! आणि तो माझ्याशी असं का करेल?"

"तेच त्याला विचारू," त्या म्हणाल्या. "तू माझ्यासोबत ये, पण मी बोलत असेन तोवर गप्प राहा. जमेल?"

६

क्लाइव्ह व्हरांड्यात बसला होता. त्यांना पाहून तो उठला नाही.

"क्लाइव्ह," सुचित्राताई समोरच्या खुर्चीत बसल्या. "तुला दिसतं."

त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली.

"आज तू तांदळाएवढा आकडा हातभर लांबून वाचलास. भिंग छातीवर होतं, तू त्याला हातही लावला नाहीस. ऑगस्टमध्ये पर्थला तू बहिणीकडे राहिलास खरा, पण गेलास मोतीबिंदू काढायला. परत आलास आणि जग लख्ख दिसायला लागलं. मग तू जपून ठेवलेला रीमर काढलास आणि स्वतःसाठी नवी रायफल केलीस. डाव्या हाताची, कारण उजवा खांदा साथ देत नाही. रोज सकाळी रेंज रिकामी असते तेव्हा पाचव्या जागेवर पुंगळ्या घडवल्यास. डाव्या खांद्याला सवय नाही, म्हणून तो दुखतो. इथवर बरोबर?"

"परवान्याचे सगळे कागद रीतसर केलेत," क्लाइव्ह खर्जात म्हणाला. "पोलीस स्टेशनला ठाऊक आहे. फक्त तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"काल राजीवनं तुला चकचकीत रेघेबद्दल सांगितलं. तो गेल्यावर तू मैथिलीचा डबा उघडलास. काय दिसलं?"

क्लाइव्हनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. आता तो सुचित्राताईंशी बोलत नव्हता, मैथिलीशी बोलत होता.

"पहिल्या बाराला पुंगळी चेंबरमध्ये थोडी सैल राहिली, तर ती बुडाशी ताणली जाते. आतून पातळ होते. बाहेर दिसते ती फक्त एक रेघ. पुढच्या बाराला तिथंच तुटली, तर आतला जाळ मागे येतो, झाडणाऱ्याच्या तोंडावर. तुझ्या पन्नासांपैकी एकोणतीसांना ती रेघ होती, मैथिली. जुलैअखेर तू त्या मला दाखवल्या होत्यास. मी एकेक हातात घेतली आणि म्हणालो, फर्स्ट क्लास." त्यानं रिकाम्या तळहातांकडे पाहिलं. "मला दिसत नव्हतं. आणि दिसत नाही हे मी कबूल करत नव्हतो. माझ्या भरवशावर तू उद्या रायफलला गाल लावून आडवी झाली असतीस."

"म्हणून तू तुझ्या पन्नास तिला दिल्यास," सुचित्राताई हळूच म्हणाल्या. "रीमर एकच, तेव्हा तिच्या रायफलमध्ये बसतील असं तुला वाटलं. पण नवं चेंबर केसभर खोल गेलं होतं."

"चाळीस वर्षं हेच काम केलं, आणि केसभर चुकलो." तो कडवट हसला. "तिच्या जुन्या पुंगळ्या पकडीत चिरडून टाकल्या. पुन्हा कुणी भरू नयेत म्हणून."

"पण सांगितलं का नाहीस?" आता मैथिलीला राहवलं नाही. "मला नुसतं सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं, तर मला दिसतं हे कळलं असतं. ते कळलं असतं, तर तू रायफल परत माझ्या हातात आणून ठेवली असतीस. तू तशीच आहेस. आणि दिलेली वस्तू परत घेणारा मी नाही." त्यानं मान खाली घातली. "नवी रायफल घेऊन सामन्यात यायचं डोक्यात नव्हतं, असं नाही. पण ते पुढच्या वर्षी बघू म्हटलं. ह्या वर्षी तुझं तोंड शाबूत राहायला हवं होतं."

मैथिली उठली. क्षणभर वाटलं, ती निघून जाणार. ती व्हरांड्याच्या कठड्यापर्यंत गेली, परत आली आणि क्लाइव्हच्या टोपीवर तिनं जोरात चापट मारली.

"यू डिल! मूर्खा!" ती म्हणाली. डोळे भरले होते आणि ती हसत होती. "तुला दिसतं! मला वर्षभर वाईट वाटत होतं की तुझं नेम धरणं संपलं, आणि तू रोज सकाळी तिथं पडून बार काढतोयस!"

"कुणाला कळू द्यायचं नव्हतं गं."

"कळलं सगळ्यांना. काढ ती रायफल. मला बघायचीय."

सुचित्राताईंनी घसा खाकरला. "क्लबची सेक्रेटरी म्हणून विचारते. ह्या पन्नास पुंगळ्या किती वेळा झाडल्यात?"

"एकदाच. प्रत्येक एकदा. आणि ह्या वेळी नीट घट्ट बसवून. आतून तार घालून तपासल्यात, एकही पातळ नाही."

"झालं तर. इतिहास माहीत आहे. लांब पुंगळी डायमध्ये दाबून केसभर आखूड करता येते ना?"

क्लाइव्हनं वर पाहिलं. "आखूड करता येते. मैथिलीच्या रायफलपुरती, आरामात."

"सामन्याला प्रत्येकी बावीस लागतात, दोन नुसत्या अंदाजाच्या आणि वीस गुणांच्या," सुचित्राताई म्हणाल्या. "पन्नासात दोघांचं भागतं. आणि संघातली माझी जागा मी सोडते, मला गुण मोजायला बसायचंय. निनादला उद्या अकराला दुसरीकडे असायचंय, म्हणजे ती जागा रिकामी आहे. मी त्यात कुणाचं नाव लिहू?"

७

शनिवारी पहाटेपर्यंत वारा नव्हता, दहा वाजता सुटला. एस्परन्सची माणसं समुद्राच्या वाऱ्यात वाढलेली, त्यांना त्याची मौज वाटली. अकरापर्यंत ते पाच गुणांनी पुढे होते. नेमका तेव्हाच त्यांच्या संघातल्या एकाचा बार वाऱ्यानं पार कडेला नेला आणि फरक दोनवर आला.

मग शेवटची जोडी उतरली. मैथिली डावीकडच्या चटईवर, क्लाइव्ह उजवीकडच्या. ती उजव्या हातानं, तो डाव्या, त्यामुळे दोघांच्या पुंगळ्या मधल्या एकाच फरशीवर पडत होत्या. प्रत्येक बारानंतर दोघं एकमेकांकडे बघत आणि लगेच मान वळवत. क्लाइव्ह बोल्ट उघडताना अडखळायचा, नव्या हाताला सवय नव्हती. पण बार सुटला की लक्ष्यावरची खूण मधल्या वर्तुळात चढायची. पंधराव्या बाराला त्यानं स्वतःशीच शीळ घातली. सुचित्राताईंनी स्कोअरच्या कागदावरून मान वर केली, तंबी द्यायला, आणि दिली नाही.

एकोणिसाव्याला दोन्ही संघ बरोबरीत आले. राजीवनं डोळे मिटून घेतले.

क्लाइव्हचा विसावा मध्यावर लागला. एस्परन्सच्या कॅप्टननं टाळी वाजवली. आता मैथिली उरली. झाडांच्या फांद्या हलत होत्या. ती थांबली. अजून थांबली. कोणी खोकललंही नाही. वारा श्वास घ्यायला थांबल्यासारखा एक क्षण पडला आणि तिनं त्याच क्षणी चाप ओढला.

लक्ष्याजवळच्या खंदकातून खूण वर यायला सहा-सात सेकंद लागतात. ते सहा-सात सेकंद राजीवला वर्षाएवढे वाटले. मग पांढरी तबकडी वर आली, अगदी मधोमध.

एका गुणानं!

शेडमध्ये एकच गलका झाला. राजीव फार्मसीचा पांढरा कोट घालूनच आला होता, तो आता हवेत उडाला. एस्परन्सवाल्यांनी ढाल गाडीतून काढून आणली आणि सुचित्राताईंच्या हातात दिली. ती इतकी जड असते हे सहा वर्षांत त्या विसरून गेल्या होत्या. निनादला फोन लावला तेव्हा पलीकडून बायकांची गाणी आणि त्याची आरोळी एकदमच ऐकू आली.

पण क्लाइव्ह चटईवरून उठला नव्हता. पालथा होता तो उताणा झाला होता, रायफल बोल्ट उघडून बाजूला ठेवलेली, हात पसरलेले.

मैथिली धावली. "क्लाइव्ह! काय होतंय?"

"काही नाही, मेट," तो म्हणाला. "गुडघे उठू देत नाहीयेत. आणि मलाही घाई नाही."

वरून गलाह काकाकुव्यांचा एक गुलाबी थवा कलकलाट करत गेला. तो दिसेनासा होईपर्यंत क्लाइव्ह बघत राहिला.

मैथिलीनं त्याच्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, आणि त्याच्या शेजारी फरशीवर आडवी झाली. थोड्या वेळानं राजीव आला. सुचित्राताई ढाल घेऊन आल्या, त्यांनी ती क्लाइव्हच्या पोटावर ठेवली आणि साडेपाच दशकांच्या कंबरेची पर्वा न करता त्याही पसरल्या. एस्परन्सच्या कॅप्टननं हे दृश्य पाहिलं, टोपी काढली आणि विचारलं, "जागा आहे का अजून एकाला?"

"आहे की," क्लाइव्ह म्हणाला, आणि सरकला.